भाकरीचा हिशेब आणि घराचा नकाशा

सातारा-सांगलीकडे कुठल्याही तालुक्याच्या गावी आज नवा बंगला बांधायला काढला की नकाशात स्वयंपाकघराची जागा ठरलेली असते. जेवणाच्या दालनाला लागून, दहा बाय बाराची खोली आणि आत काटकोनात वळलेला काळ्या दगडाचा उभा ओटा. घरात माणसे जास्त असतील तर ओटा दोन हात लांबवतात, शेगडी तीनऐवजी चार बर्नरची घेतात. मोठ्या कुटुंबाचे स्वयंपाकघर म्हणजे लहान कुटुंबाचेच, फक्त अंगाने वाढवलेले, असे त्यामागचे गृहीत. कृष्णाकाठच्या जुन्या घरांचा इतिहास हे गृहीत मान्य करत नाही. जिथे वीस-पंचवीस माणसांचे रोज दोन्ही वेळचे शिजत होते, तिथे स्वयंपाकघर ही एक खोली कधीच नव्हती. पुढच्या सोप्यापासून परसातल्या उकिरड्यापर्यंत ते काम घरभर पसरलेले असे आणि चुलीची खोली हा त्यातला एक टप्पा. ही पसरण अडाणीपणातून आलेली नव्हती. धूर, पाणी, साठवण आणि सगळ्यांत जास्त भाकरी, या गोष्टींनी ती घडवली होती. त्या घरात राबणाऱ्या बायकांना ती सुखाची होती, असे मात्र मुळीच म्हणायचे नाही. त्याकडे पुढे येऊच.

दोन जिल्हे म्हणायचे ते आजच्या सोयीने. १९४९ साली साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. त्याआधी या मुलखात औंध, फलटण, सांगली, मिरज, जत अशा संस्थानांची ठिगळे होती. घराच्या बांधणीला या सरहद्दींशी काही देणेघेणे नव्हते. तिची सीमा पावसाने आखलेली. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, माण-आटपाडीकडे पाचशेच्या आसपास किंवा त्याहून कमी. म्हणून पश्चिमेला जावळी-पाटणकडे उतरती छपरे आणि पूर्वेला खटाव, माण, आटपाडी, जतकडे सपाट मातीची माळवदे. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी होती. घर खणांत मोजत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण आणि तो हाताशी असलेल्या लाकडाच्या ताकदीवर ठरे, बहुधा पाच-सहा फुटांचा. घर वाढवायचे तर खोली रुंद करता येत नसे. खण वाढवायचे, नाहीतर मागे आणखी एक पडवी काढायची. सोपा, त्यामागे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, मागे परस, ही रांग अशी तयार झाली. पैसा असेल तर रांगेचा चौक होई, चौकाला चौक जोडला जाई. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला वाडा आहे. त्याला सहा चौक आहेत आणि लगत कृष्णेचा घाट. एवढ्या मोठ्या मनसुबेदारालाही एक भव्य मुदपाकखाना बांधण्यापेक्षा चौकांमागून चौक जोडणे सोयीचे झाले. प्रत्येक चौक म्हणजे आणखी थोडा उजेड, धुराला आणखी एक वाट आणि उघड्यावर करायच्या कामाला आणखी एक अंगण.

धुराचा विचार आधी करायला हवा, कारण बसून स्वयंपाक करण्याचे कारण बहुतेकदा चुकीचे सांगितले जाते. आपल्याकडे बसण्याचीच चाल, पाटावर जेवायचे, जमिनीवर निजायचे, तसाच स्वयंपाकही जमिनीवर, असे म्हणतात. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. लाकूड, शेणी, तुराट्या, ज्वारीची धसकटे असल्या जळणाच्या चुलीला धुराडे नसेल तर धूर वर चढतो आणि छताखाली थर धरून राहतो. खोलीचा वरचा भाग काळा आणि गुदमरवणारा, खालचा त्या मानाने मोकळा. चुलीपुढे बसलेली बाई त्या थराच्या खाली असते. तिने उभे राहून स्वयंपाक करायचा ठरवला तर तिचे तोंड नेमके धुरात जाईल. युरोपात बाई उभी राहून रांधू लागली, त्याच्या आधी तिथे भिंतीतून धुराडे वर गेले होते. माणदेशात माळवदाला भोक ठेवत, साणे म्हणत त्याला. पावसाळी भागात कौलांच्या फटींतून आणि आढ्याखालच्या उघड्या तिकोनातून धूर झिरपे. या वाटा सावकाश चालणाऱ्या होत्या आणि घरधन्याला त्याची फारशी तक्रारही नसे, कारण धुरामुळे वाशांना कीड लागत नाही आणि चुलीवर टांगलेले बियाण्याचे कणीस पुढच्या पेरणीपर्यंत टिकते. घरातला धूर पिढ्यान्‌पिढ्या टिकला, त्यात या फायद्याचा वाटा आहे. किंमत वेगळ्याच माणसांनी मोजली. घरातल्या धुराच्या प्रदूषणाने जगात २०२० साली सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आता भाकरी. मोठ्या घराच्या स्वयंपाकाचा विचार करताना आमटी आणि भाकरी यांतला एक साधा फरक लक्षात घ्यावा लागतो. आमटी पाच माणसांची असो की पन्नासांची, पातेले मोठे होते, जळण वाढते, पण बाई एकच लागते आणि वेळ थोडाच जास्त. भात, डाळ, घुगऱ्या, सगळ्यांचे तसेच. भाकरीला हा नियम लागू नाही. ज्वारी-बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून कणकेसारखा मोठा गोळा मळून ठेवता येत नाही. एकेका भाकरीपुरते पीठ काठवटीत गरम पाण्याने मळायचे, लगेच थापायचे, लगेच तव्यावर टाकायचे. थांबले की पीठ फाटते. वीस माणसे, लहानमोठी धरून माणशी अडीच भाकरी, म्हणजे एका वेळेला पन्नास. तव्यावर एकेक भाकरी दोन मिनिटे धरली तरी शंभर मिनिटे होतात, आणि हे एकाच वेळचे. तवा मोठा केल्याने या हिशेबात काही फरक पडत नाही. फरक पडतो तो दुसरा तवा मांडल्याने, म्हणजेच दुसरी चूल आणि दुसरी बाई. मोठ्या घराच्या नकाशाला आकार दिला तो या गणिताने. जेवणाऱ्या तोंडांची संख्या थेट खोलीच्या आकारात उतरत नव्हती. ती किती ठिकाणी बसून भाकरी करता येईल या संख्येत उतरत होती.

भाकरीच्या त्या बैठकीची मांडणी फार नेटकी असे. चुलीच्या तोंडापुढे आर ओढलेला, म्हणजे एकाच विस्तवाची तीन कामे: तव्याखाली जाळ, पुढे निखाऱ्यावर भाकरी फुगवायची जागा आणि बाजूच्या वैलावर उरलेल्या आचेवर रटरटणारी आमटी किंवा आधणाचे पाणी. सराईत बाईच्या तीन भाकरी एकाच वेळी चालू असत, एक हाताखाली थापली जात असलेली, एक तव्यावर, एक आराला टेकवलेली. उजव्या हाताला पाण्याचे भांडे, डाव्या हाताला पिठाचे, मागे भाणवशीवर मीठ-तिखट, फुंकणी मांडीला लागून. उठावे लागू नये अशीच सगळी रचना. दुसरी चूल बहुधा मागच्या पडवीत असे, उन्हाळ्यात परसात. सुगीला किंवा घरच्या कार्याला चार दगड मांडून अंगणात चुलाण पेटे आणि शेजारच्या बायका आपापल्या काठवटी घेऊन येत. १९४२ नंतर याच मुलखात प्रतिसरकारचे भूमिगत कार्यकर्ते गावोगाव आसरा घेत हिंडत होते. त्यांच्या भाकरीची सोय झाली ती घराघरांतल्या अशाच चुलींवर.

त्याआधीच जगात दुसरीकडे स्वयंपाकघराचा विचार अगदी उलट टोकाकडून सुरू झाला होता. व्हिएन्नाच्या मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ साली फ्रँकफुर्ट शहराच्या घरबांधणीसाठी एक स्वयंपाकघर आखले. साधारण १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब, रेल्वेच्या भोजनडब्यातल्या मुदपाकखान्यावरून सुचलेले, आणि अशी सुमारे दहा हजार बसवली गेली. पावले मोजून आखलेली ही जागा एकट्या बाईसाठी होती. दुसरी बाई आत शिरली की दोघींचीही अडचण. आज आपल्याकडे ज्याला मॉड्युलर किचन म्हणतात त्याची वंशावळ तिथपर्यंत जाते. कृष्णाकाठच्या सासवा-सुनांच्या, जावा-नणंदांच्या घराला ते लागू पडणार नव्हते, कारण तिथला प्रश्न एका बाईची पावले वाचवण्याचा नव्हता. चार-सहा बायकांनी एकमेकींच्या पायात न येता एकाच वेळी काम कसे करायचे, हा होता. चूल मागे, पाटा-वरवंटा पडवीत, विळीवर भाजी चिरायची माजघराच्या दाराशी उजेडात, जाते माजघराच्या कोपऱ्यात, उखळ अंगणात, भांडी घासायची परसात राखेने, ही विखुरलेल्या जागांची यादी त्या प्रश्नाचे उत्तर होती. धुराने काळवंडलेल्या अंधाऱ्या खोलीत फक्त विस्तवाचे काम राही. कराडजवळच्या ओगलेवाडीला १९१६ मध्ये काचेचा कारखाना निघाला आणि पुढे त्याचा प्रभाकर कंदील घरोघर गेला, तेव्हा रात्रीच्या चुलीला थोडा उजेड आला खरा, तरी दिवसा निवडणे-टिपणे उजेडाच्या जागीच होत राहिले.

साठवणीनेही घर असेच पसरवले. मोठ्या कुटुंबाचे अन्न रोज बाजारातून येत नव्हते, ते खळ्यावरून वर्षाचे एकदम येई. ज्वारीची कणगी सोप्यात, भिंतीत बांधलेले बळद माजघरात, जास्तीचे धान्य जमिनीखालच्या पेवात. सांगलीला लागून असलेल्या हरिपूरची पेवे हळदीमुळे सगळ्यांना ठाऊक झाली, पण जमिनीच्या पोटात कोरडी आणि हवाबंद जागा करून पीक राखायचे तंत्र हळदीच्या व्यापाऱ्यापुरते नव्हते. चैत्र-वैशाखात डंकावर कुटून आणलेली वर्षाची चटणी, कुरडया-सांडगे-पापड, चिंचेचे गोळे, लोणच्याच्या बरण्या हे सगळे माळवदावर वाळे आणि फडताळात किंवा उतरंडीत बसे. म्हणजे वर्षातले दोन महिने घराचे छप्परसुद्धा स्वयंपाकघर होई. आजच्या नकाशात कोठीची खोली निघते ती सहा बाय चारची, कारण ती महिन्याच्या किराण्यासाठी असते. तिला जुन्या घराच्या मापाने हिणवण्यात अर्थ नाही. पण एकत्र कुटुंबासाठी घर बांधताना वर्षाचे धान्य घरात येणार आहे की महिन्याचा किराणा, हे आधी विचारले पाहिजे. ते विचारले जात नाही आणि मग पोती जिन्याखाली जातात.

इथे एक आक्षेप रास्त आहे. एवढी मोठी कुटुंबे होती तरी किती? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या जनगणनांपासून भारतातले सरासरी घर पाच-सहा माणसांच्या आसपासच दिसते. समाजशास्त्रज्ञ अ. म. शहा यांनी १९७३ मधल्या आपल्या ग्रंथात हेच दाखवून दिले की, पूर्वी सगळे एकत्र राहत आणि आता विभक्त झाले, ही सरळ रेघ कागदोपत्री सापडत नाही. इनामदार, पाटील-कुलकर्णी, सावकार, बागाईतदार यांची घरे मोठी. बिनजमिनीच्या माणसाचे घर एका खणाचे आणि एका चुलीचे. हे मान्य केले तरी मूळ मुद्दा ढळत नाही, उलट जास्त स्पष्ट होतो. सहा माणसांचे घर सुगीत पंधरांचे होई, जत्रेला पंचविसांचे, लग्नात दोनशेंचे. बाराही महिने मोठी असलेली कुटुंबे थोडी, पण कधी ना कधी मोठे न होणारे घर जवळपास नव्हतेच. म्हणून इथल्या स्वयंपाकघराचा खरा गुण त्याच्या मोठेपणात नव्हता, ते वेळेला फुगू शके यात होता. मातीची चूल तासाभरात घालता येते आणि काम झाले की मोडता येते. दगडी ओटा हलत नाही.

शिवाय एकत्र कुटुंब आणि एक चूल यांचे नातेही वाटते तितके सरळ नव्हते. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात एकत्र कुटुंबाच्या व्याख्येत एका छपराबरोबर एका चुलीवरचे अन्न धरले आहे. आपली जनगणनाही घर मोजते ते सामाईक स्वयंपाकघरावरून. पण कायद्याने मात्र निव्वळ जेवण वेगळे झाले म्हणजे वाटणी झाली असे कधी मानले नाही. तो एक पुरावा, निर्णायक नव्हे. यामागे समाजाचा अनुभव आहे. जावाजावांचे पटेना, एखाद्या भावाची बायको आजारी, एखाद्याचे पथ्य, विधवा आत्याचे सोवळे, अशा कारणांनी एकाच वाड्यात दोन-तीन चुली पेटत आणि शेत मात्र एकत्रच कसले जाई. वाड्याचे खण आणि चौक याला तयारच असत. कुठल्याही मागच्या पडवीत चूल घातली की नवे स्वयंपाकघर उभे. मोठ्या कुटुंबाला एकत्र ठेवायचे असेल तर त्याला थोडे वेगळे होण्याची सोय घरातच हवी, हे त्या बांधणाऱ्यांना समजले होते, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही. एकच देखणा ओटा घालून दोन जावांना त्यावर आयुष्यभर उभे करणारा आजचा नकाशा या बाबतीत जास्त भाबडा आहे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, आणि तो टाळला तर हा सगळा लेख वाड्यांचे गुणगान ठरेल. ही रचना चालत होती ती फुकटच्या श्रमावर. पहाटे जात्यावर बसणाऱ्या सुनेला, नदीवरून हंडे आणणाऱ्या बाईला, पुरुषांची आणि पोरांची पंगत उठल्यावर उरलेसुरले खाणारीला मोबदला नव्हता आणि त्या व्यवस्थेत तिचे मत नव्हते. काही अंतरे सोयीची म्हणून ठेवलेली नव्हती, विटाळाची म्हणून होती. पाण्याची घागर वेगळी, सोवळ्याचा कोपरा वेगळा, बाहेर बसलेल्या बाईची जागा वेगळी, आणि काही जातींच्या माणसांना परसाच्या दाराच्या आत पाऊल नाही. घराची पसरण कितपत उपयोगाची आणि कितपत सोवळ्याची, हा प्रश्न इथे उभा राहतो. त्याचे उत्तर सातारा जिल्ह्यातच आहे. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. सगळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, एकाच पंगतीला जेवत. १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव दिले. मुलांचे पोट भरायला भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, हे महाराष्ट्राला माहीत आहे. या प्रसंगाकडे भक्तिभावाने पाहिले जाते, त्यात गैर काही नाही. पण स्वयंपाकघराच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यातली दुसरी गोष्ट मोठी आहे. कुठल्याही घरापेक्षा मोठे असलेले हे घर सोवळ्याची एकही भिंत न ठेवता जेवत होते. सोवळे काढले तर मोठा स्वयंपाक कोसळतो, हा दावा तिथे संपला. उरल्या त्या खऱ्या अडचणी: धान्य, जळण, पाणी आणि भाकऱ्या करणारे हात.

हातांचा भार हलका केला तो आधी स्वयंपाकघराबाहेरच्या यंत्राने. गावात पिठाची गिरणी आली, सुरुवातीला तेलाच्या इंजिनावर आणि पुढे विजेवर, तेव्हा जाते थांबले. कोयनेची वीज १९६२ च्या सुमारास सुरू झाली आणि नंतरच्या वर्षांत ती खेड्यांत शिरली. वीस माणसांचे पीठ रोज दळणे हा भाकऱ्या करण्याइतकाच मोठा उद्योग होता. तो घराबाहेर गेला, तशी माजघरातली एक जागा मोकळी झाली आणि बाईच्या दिवसातले पहाटेचे दोन-तीन तास. कुठल्याही ओट्याने किंवा शेगडीने एवढा फरक केला नाही. जात्यावरच्या ओव्या गेल्या म्हणून हळहळणाऱ्यांनी एकदा पायली पायली दळून पाहावे.

दुसरीकडे स्वयंपाकघरच लहान होऊ लागले होते. कुंडलजवळच्या माळावर १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसली. ती कारखान्याची वसाहत होती. तिथे माणूस आला तो पगारावर, बायको-मुलांसह, मागे भाऊबंद आणि शेत ठेवून. इथून लहान स्वयंपाकघराचा प्रवास सुरू झाला, असे म्हणता येईल. याच वाडीतून १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक निघाले आणि सुशिक्षित गृहिणीपुढे नीटनेटक्या, थोडक्या माणसांच्या संसाराचे चित्र आले. चाळीस वर्षांनी, १९७० मध्ये, सांगलीच्या कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ किर्लोस्करांच्या प्रकाशनातून आले आणि अफाट खपले. कमलाबाईंचा जन्मही कुंडलचाच. त्यांनी मापे दिली ती वाटी-चमच्यांत. या पुस्तकाचे यश हा माझ्या लेखी मोठा पुरावा आहे. ज्या घरात सासू, मोठी जाऊ, आत्या शेजारी बसलेल्या असतात, तिथे मीठ किती हे पुस्तकाला विचारावे लागत नाही, आणि वीस माणसांचे वरण वाटीने कोणी मोजत नाही. पुस्तकाची गरज पडली कारण ओट्यापाशी बाई एकटी उभी होती. फ्रँकफुर्टची ती एकटी बाई सांगली-मिरजेच्या ब्लॉकमध्ये येऊन पोचली होती. तिच्याकडे १९५९ पासून आपल्याकडे बनू लागलेला प्रेशर कुकर होता, स्टो होता, पुढे गॅस आला, आणि धूर गेल्यामुळे तिला उभे राहता येत होते. उभा ओटा हा बिनधुराच्या जळणाचा परिणाम आहे, सुधारणेच्या उपदेशाचा नव्हे. ज्या घरांत जळण बदलले नाही तिथे ओटा बांधला तरी चूल खालीच राहिली.

पण जागा लहान झाली म्हणून मोठा स्वयंपाक अशक्य होतो का? याचे उत्तर याच मुलखातून गेलेल्या माणसांनी मुंबईत दिले. सातारा-सांगलीकडचे हजारो गडी गिरण्यांत आणि गोदीत कामाला होते आणि बायको गावाकडे ठेवून ते खानावळीत जेवत. गिरणगावात दहा बाय बाराच्या खोलीत एकेक बाई दहा-पंधरा खानावळकरांचे दोन वेळचे करी, त्याच खोलीत तिचा संसारही असे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून. त्यांची अडचण जागेची नव्हती, सावकाराची होती. त्यांना एवढ्याशा जागेत हे जमले, कारण जेवणारे पाळीपाळीने येत. पहिल्या पाळीचा, दुसऱ्या पाळीचा, रात्रपाळीचा असा स्वयंपाकही दिवसभर वाटला जाई. वाड्याने जे काम जागेत पसरले होते ते खानावळीने वेळेत पसरले. एका वेळी, एका जागी, एका बाईने सगळे करायचे, ही तिसरी रीत मोठ्या कुटुंबाला दोन्हीकडे कधी चालली नाही, आणि आजचे बहुतेक नकाशे नेमकी तीच रीत धरून आखलेले असतात.

गॅसच्या धोरणानेही लहान घरच डोळ्यांसमोर ठेवले. घरटी एक जोडणी, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये सवलतीच्या सिलिंडरांवर मर्यादा आली ती वर्षाला सहाची. पुढे नऊ, आणि २०१४ च्या सुरुवातीला बारा. चार माणसांच्या घराला १४.२ किलोचे एक सिलिंडर महिना सहज जाते. पंधरा माणसांच्या घरात रोजच्या तीस-चाळीस भाकऱ्या गॅसवर भाजल्या तर ते दहा-बारा दिवसांत संपते. यावर लोकांनी काढलेले उपाय ठरलेले आहेत. एक, शिधापत्रिका वेगळ्या करून घ्यायच्या, म्हणजे कागदावर तीन चुली आणि घरात एकच. दुसरा, शेणाचा गॅस. त्याला चार-पाच तरी जनावरे लागतात आणि रोज शेण कालवणारा माणूस लागतो, म्हणून तो दोन माणसांच्या बंगल्याला परवडत नाही पण दावणीला जनावरे असलेल्या एकत्र कुटुंबाला नेमका बसतो. ऊस आणि दुभत्याच्या पट्ट्यात तो रुजला यात नवल नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारी, तिच्यापासून इथेनॉल आणि निम्मे पाणी असलेल्या इथेनॉलवर चालणारी शेगडी असा वेगळा मार्ग काढून पाहिला. अभ्यास चांगला होता, घरोघरी मात्र तो पोचला नाही. तिसरा उपाय सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत जास्त चालणारा: चहा, भाजी, पाहुण्यांचे पोहे आतल्या गॅसवर, आणि भाकऱ्या, अंघोळीचे पाणी, सणाची पुरणाची डाळ, मटणाचा रस्सा मागच्या पत्र्याच्या शेडातल्या चुलीवर.

ही मागची चूल आज जवळपास कुठल्याच नकाशावर नसते. बंगला उठला की वर्षभरात ती स्वतःहून उगवते, कंपाउंडच्या भिंतीला टेकून, चार सिमेंटच्या पत्र्यांखाली. नकाशात तिला जागा नसल्यामुळे तिला धुराडे नसते, पाण्याचा नळ नसतो, सांडपाण्याची मोरी नसते, उजेडाचा दिवा नसतो आणि पावसात तिच्यापर्यंत जायला छप्पर नसते. खर्च सगळा आतल्या ओट्यावर झालेला असतो, ज्यावर घरातल्या भाकऱ्या होत नाहीत. निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ च्या सुमारास सुरू झाला, त्याच्या चुली अनेक घरांत मोडून पडल्या. त्यामागे एक कारण हेही होते की त्या आतल्या खोलीसाठी, ठरावीक दोन भांड्यांसाठी बांधल्या होत्या आणि मोठ्या घराची खरी चूल तोवर मागे सरकलेली होती. आज मोठ्या कुटुंबासाठी घर आखणाऱ्याने ओट्याची लांबी ठरवण्याआधी भाकऱ्या मोजाव्यात. मग मागच्या पडवीत पक्क्या छपराखाली, दोघी एकमेकींना न अडवता बसतील किंवा उभ्या राहतील अशा दोन जागा, दोन्हींवर वर जाणारे धुराडे, शेजारी नळ आणि मोरी, आणि माजघराच्या जागी उजेडाकडे तोंड केलेला एक रुंद कट्टा, ज्यावर घरातले पुरुषही भाजी चिरायला बसू शकतील. शेवटच्या सोयीसाठी वेगळा खर्च येत नाही.